पीपीसीचा स्लॅब, सात दिवसांचा क्यूब १५.५ आला. सेंटरिंग काढावं का?

मांद्रेघर

नमस्कार. गोव्यात मांद्र्याला घराचं काम चालू आहे, पहिल्या स्लॅबबद्दल विचारायचं आहे. जमेल तेवढी पूर्ण माहिती देतो.

स्लॅब १२५ मिमी जाड, सगळ्यात मोठी खोली ३.६ बाय ४.२ मीटर. दोन बीम ५ मीटर गाळ्याचे. समोर १.२ मीटर बाहेर काढलेली बाल्कनी, तिच्याखाली खांब नाही. काँक्रीट एम-२५ (२८ दिवसांना २५ एमपीए ताकदीचं), सिमेंट पीपीसी (राख मिसळलेलं), साइटवरच मिक्सर लावून केलं. स्लॅब-बीम मिळून साधारण १६ घनमीटर. ताकद तपासायला काँक्रीटचे सहा क्यूब (चौकोनी ठोकळे) भरले होते, ते दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये गेले आणि तिथल्याच टाकीत होते. सात दिवसांना तीन फोडले: ३४५, ३६२ आणि ३३८ किलोन्यूटन. लॅबने सरासरी १५.५ एमपीए (चौरस मिलिमीटरला न्यूटन) लिहून दिली आहे.

स्लॅबवर मसाल्याचे बांध घालून पाणी भरलंय, ते टिकून आहे. बीमच्या बाजूंना आणि कॉलमना सकाळ-संध्याकाळ पाइपने पाणी मारतात.

कंत्राटदाराचं म्हणणं असं की सात दिवस झाले, सेंटरिंगच्या (खालच्या तात्पुरत्या आधाराच्या) प्लेटी आणि टेकू काढून दुसऱ्या साइटवर न्यायचे आहेत. आणि पाऊस तोंडावर आलाय, तो लागला की क्युरिंग आपोआप होईल, पाणी मारणं बंद करा. इंजिनिअर थांबा म्हणतात. १५.५ कमी आहे का? काँक्रीटची ताकद कशी वाढत जाते आणि कुठल्या दिवशी तिच्यावर किती भरवसा ठेवायचा? वरच्या मजल्याचे चिरेही येऊन पडलेत, ते स्लॅबवर कधी चढवता येतील?

स्ट्रक्चर_फोंडा

दादा, आधी तातडीचं: बीमखालचे आणि बाल्कनीखालचे टेकू हलवू देऊ नका. इंजिनिअर सांगतात ते बरोबर आहे. का, ते सविस्तर लिहितो.

काँक्रीट वाळल्यामुळे घट्ट होत नाही. सिमेंट आणि पाण्याची रासायनिक क्रिया होऊन जे जेल तयार होतं, ते खडी-रेतीला धरून ठेवतं, आणि जेल जेवढं जास्त तयार होईल तेवढी ताकद. सिमेंटच्या वजनाच्या साधारण २३ टक्के पाणी या क्रियेत कायमचं बांधलं जातं आणि आणखी १५ टक्क्यांच्या आसपास जेलच्या सूक्ष्म छिद्रांत अडकून राहतं. तुमच्या मिश्रणात ५० टक्के पाणी असेल, म्हणजे हिशोबाने पुरून उरतं. मग वरून पाणी कशाला, असं कोणी विचारेल. कारण आतलं पाणी उन्हावाऱ्याने उडून जातं. छिद्रांतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या खाली उतरली की क्रिया जवळपास थांबते, आणि थांबलेल्या ठिकाणी ताकदही थांबते. क्युरिंग म्हणजे काँक्रीटमधलं पाणी बाहेर जाऊ न देणं. नुसतं वरून ओलं करणं हा त्यातला एक उपाय झाला.

सिमेंटमधला ट्रायकॅल्शियम सिलिकेट हा घटक लवकर काम करतो, पहिल्या महिन्यातली बहुतेक ताकद त्याची. डायकॅल्शियम सिलिकेट सावकाश चालतो, महिनोन् महिने. म्हणून साध्या ओपीसीचं (राख न मिसळलेल्या सिमेंटचं) काँक्रीट २८ दिवसांच्या ताकदीपैकी एका दिवसात साधारण १६ टक्के, तीन दिवसांत ४०, सात दिवसांत ६५ आणि चौदा दिवसांत ९० टक्के गाठतं. पीपीसीत १५ ते ३५ टक्के फ्लाय ॲश असते. ही राख एकटी पाण्याबरोबर आवळत नाही. सिमेंटच्या क्रियेतून चुना सुटला की त्या चुन्याशी तिची क्रिया सुरू होते. म्हणजे आधी सिमेंटने काम करायचं, मग राखेने. त्यामुळे पीपीसी पहिल्या आठवड्यात मागे असतं आणि २८ दिवसांनंतरही चढत राहतं. शेवटी ते ओपीसीपेक्षा घट्ट होतं, पण एका अटीवर: राखेची पाळी येईपर्यंत आत पाणी शिल्लक पाहिजे. पीपीसीचं क्युरिंग सातव्या दिवशी बंद करणं म्हणजे ज्यासाठी पीपीसी घेतलं तेच सोडून देणं.

आता तुमचा आकडा. क्यूबची बाजू १५० मिमी, म्हणजे क्षेत्रफळ २२,५०० चौ.मिमी. त्यावरून १५.३, १६.१ आणि १५.०, सरासरी १५.५. तिन्ही एकमेकांच्या जवळ आहेत, म्हणजे चाचणी नीट झाली. २५ च्या ६२ टक्के आले, तर बहुतेक जण म्हणतील की ठीक आहे. मला तसं वाटत नाही. सात दिवसांची ताकद २५ शी ताडायची नसते, मिश्रणाचं जे लक्ष्य असतं त्याच्याशी ताडायची. एम-२५ चं लक्ष्य २५ अधिक १.६५ गुणिले ४, म्हणजे ३१.६ एमपीए. काही घमेली कमी-जास्त होणार, त्यांची सोय म्हणून हे वरचे साडेसहा धरलेले असतात. त्या लक्ष्याने चाललेलं पीपीसीचं काँक्रीट सात दिवसांना १९-२० दाखवतं. तुमचं १५.५ आहे, तर २८ दिवसांना २३ ते २६ च्या दरम्यान कुठेतरी थांबेल. आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) प्रमाणे एम-२५ चा कुठलाही एकटा निकाल २२ च्या खाली जाता कामा नये. म्हणजे स्लॅब नापास नाही, पण हातात राखीव काही नाही. असा स्लॅब घाईने मोकळा करायचा नसतो.

कारण बहुधा पाणीच. ५० किलोच्या बॅगेला २५ लिटर पाणी म्हणजे पाणी-सिमेंट प्रमाण ०.५०. त्यात रेतीच्या अंगचं पाणीही मोजायचं. १:१:२ (सिमेंट:रेती:खडी) ला बॅगेमागे ३५ लिटर रेती पडते, ती ४ टक्के ओली असली तरी दोन लिटर पाणी तिच्यातूनच येतं. वर गवंड्याने पसरायला सोपं जावं म्हणून तीन लिटर ओतले की झालं ०.६०, आणि ताकद साधारण पाचव्या हिश्शाने गेली. शिवाय आयएस ४५६ मध्ये ठरीव प्रमाणाचं मिश्रण एम-२० पर्यंतच चालतं. एम-२५ ला मिक्स डिझाइन (चाचण्या करून ठरवलेलं प्रमाण) लागतं, ते झालं होतं का हे इंजिनिअरना विचारा.

टेकूंचे दिवस. ओपीसी असेल आणि हवा १५ अंशांच्या वर असेल तर ४.५ मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवसांनी, त्याहून मोठ्याचे १४ दिवसांनी काढता येतात. ६ मीटरपर्यंतच्या बीमचे १४, त्यावरच्याचे २१. कंत्राटदार जो सातवा दिवस सांगतो तो इथला आहे, आणि तो फक्त लहान गाळ्याच्या, ओपीसीच्या स्लॅबला लागू आहे. पीपीसीला हे दिवस १०/७ पट धरतात. म्हणजे तुमच्या खोल्यांचा स्लॅब १० दिवस, ५ मीटरचे बीम २० दिवस. तुमचा क्यूब कमी आलेला असल्याने मी स्लॅबलाही १४ सांगेन.

लवकर काढलं आणि पडलं नाही, तरी नुकसान होतं. कोवळ्या काँक्रीटवर भार आला की ते वर्षानुवर्षं हळूहळू वाकत जातं. याला क्रीप म्हणतात. आयएस ४५६ मध्ये त्याचा गुणांक सातव्या दिवशी भार आला तर २.२, अठ्ठाविसाव्या दिवशी आला तर १.६ असा दिलाय. मधोमध झोळ आलेला स्लॅब, वरच्या भिंतीत तिरपी भेग, दार घासणं, ही दुखणी पुष्कळदा इथूनच सुरू होतात.

चिऱ्यांचं तर फारच सांभाळा. घराच्या स्लॅबचा वापराचा भार चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे अंदाजे २०० किलो धरलेला असतो. एक मीटर उंच चिऱ्यांची थप्पी चौरस मीटरला दीड-दोन टन भरते. खालून टेकू असले तरी खोलीच्या मध्यावर थप्पी नको. २८ दिवसांचा निकाल हातात आल्यावर, लागतील तेवढेच चिरे चढवा आणि जिथे भिंत येणार त्या बीमच्या रेषेवरच ठेवा.

मांद्रेघर

एवढं सविस्तर लिहिलंत, खूप आभार. मिक्स डिझाइन नव्हतं, १:१:२ च होतं. सगळे सहा क्यूब सकाळच्या पहिल्या घाण्यातले. लॅबच्या टाकीत होते, तर स्लॅबचीही तेवढीच ताकद धरायची ना? आणि बीमच्या बाजूंचं क्युरिंग नीट होतंय की नाही ते कसं ओळखायचं?

क्यूब_टेस्टिंग

नाही, तेवढीच धरता येत नाही, आणि या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा मला हाच वाटतो. टाकीतला क्यूब २७ अंशांच्या पाण्यात पूर्ण बुडालेला असतो. मिश्रण किती ताकद देऊ शकते ते तो सांगतो. स्लॅबला प्रत्यक्षात किती मिळाली ते तो सांगत नाही. टाकीत १५.५ आले असतील तर साइटवरचे काँक्रीट तेवढे किंवा त्याहून कमी, असेच समजावे. उन्हात तापलेले सुरुवातीला पुढे असू शकते, पण कोरडे पडलेले असेल तर पुढे वाढत नाही.

टेकू काढण्याचा निर्णय क्यूबवरून घ्यायचा असेल तर त्यासाठी वेगळे तीन क्यूब भरावे लागतात. ते स्लॅबवरच ठेवायचे, स्लॅबला मिळते तेच पाणी आणि तेच ऊन त्यांना द्यायचे. टेकू काढण्याच्या आदल्या दिवशी ते फोडायचे. पुढच्या स्लॅबला हे नक्की करा, खर्च नगण्य आहे.

दुसरे, सगळे क्यूब एकाच घाण्यातले असणे. त्यातून त्या घाण्याचीच माहिती मिळते. दुपारी उन्हात, माणसे दमलेली असताना, मिक्सरमध्ये पाणी वाढते ते नंतरच्या घाण्यांत. नियमाने १ ते ५ घनमीटरला एक नमुना, ६ ते १५ ला दोन, १६ ते ३० ला तीन. एक नमुना म्हणजे २८ दिवसांचे तीन क्यूब. तुमच्या १६ घनमीटरला तीन नमुने, म्हणजे नऊ क्यूब हवे होते, आणि सात दिवसांचे त्याशिवाय.

क्यूब भरताना काय बिघडते तेही लिहितो, कारण पुढच्या वेळी तुम्ही शेजारी उभे असाल. साचा तीन थरांत भरायचा. प्रत्येक थराला १६ मिमीच्या, ६०० मिमी लांब सळईने ३५ ठोके, आणि सळई खालच्या थरात थोडी शिरली पाहिजे. साच्याच्या कोपऱ्यांत पोकळी राहते, तिथे ठोके चुकवायचे नाहीत. काँक्रीटमध्ये ५ टक्के पोकळी राहिली तर ताकद ३० टक्क्यांपर्यंत घसरते, मग दोष मिश्रणाचा की हाताचा हे कळत नाही. भरल्यावर २४ तास साचा हलवायचा नाही, ओल्या गोणपाटाखाली सावलीत ठेवायचा. गाडीत घालून त्याच संध्याकाळी लॅबला नेलेला क्यूब वाटेतल्या हादऱ्यांनी खराब होतो. फोडताना थापीने सपाट केलेला पृष्ठभाग मशीनच्या प्लेटला लागता कामा नये, क्यूब आडवा फिरवून साच्याला लागलेल्या बाजूंवर दाब द्यायचा. दाबाचा वेग मिनिटाला चौरस सेंटिमीटरमागे १४० किलो. घाईने हँडल मारले की आकडा फुगतो.

तुमचे उरलेले तीन क्यूब २८ दिवसांपर्यंत टाकीतच राहू द्या. निकाल २५ किंवा वर आला तर प्रश्न मिटला. २२ ते २५ मध्ये आला तर इंजिनिअरकडून त्या ताकदीवर गणित पुन्हा तपासून घ्या. २२ च्या खाली आला तर कोअर (काँक्रीटमधून कापून काढलेले नळकांडी नमुने) काढावे लागतील, निदान तीन. त्यांची क्यूबमध्ये रूपांतर केलेली सरासरी २५ च्या ८५ टक्के, म्हणजे २१.२५ हवी, आणि एकही कोअर ७५ टक्क्यांच्या, म्हणजे १८.७५ च्या खाली नको. कोअरची जागा इंजिनिअरने सळया शोधून ठरवायची.

रिबाउंड हॅमरवर एकट्यावर निर्णय घेऊ नका. त्याचा अंदाज २५ टक्के इकडे-तिकडे होऊ शकतो, आणि तो फक्त वरच्या थराचा कडकपणा मोजतो. सकाळच्या घाण्याचा भाग आणि दुपारच्या घाण्याचा भाग यांची तुलना करायला मात्र तो चांगला. ओला पृष्ठभाग कमी आकडा देतो, म्हणून दोन्ही ठिकाणे सारखीच कोरडी असताना मारा. अशी चाचणी कुठे होते याची चौकशी फर्मागुडीच्या गोवा अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सिव्हिल विभागात करून पाहा.

बीमच्या बाजू: सकाळी पाणी मारल्यावर अकरा वाजता तळहात लावून पाहा. रंग पांढुरका झाला असेल आणि हाताला ओल लागत नसेल, तर तिथले क्युरिंग चालू नाही. मे महिन्यात पाइपने मारलेले पाणी उभ्या बाजूवर तास-दोन तासही टिकत नाही. दिवसातून दोनदा ओले आणि दोनदा कोरडे, या फेऱ्यांनी पृष्ठभागावर जाळीसारख्या बारीक भेगा पडतात. गोणपाट दोन पदरी गुंडाळा, सुतळीने बांधा, भिजवा आणि वरून प्लास्टिक कागद लपेटा. मग दिवसातून एकदा भिजवले तरी पुरते. क्युरिंग कंपाउंडही (पाणी उडू न देणारा लेप) मिळते, पण ते साचा काढल्याबरोबर, पृष्ठभाग कोरडा पडण्याआधी मारावे लागते. तुमच्याकडे ती वेळ गेली. शिवाय मेणाचे कंपाउंड मारलेल्या जागी पुढे गिलावा नीट धरत नाही.

सत्तरीकर_साइट

पावसाचं मी सांगतो.

"पाऊस लागला की क्युरिंग आपोआप" हे अर्धंच खरं. आषाढातली झड बसली की स्लॅबचा माथा ओला राहतो, बरोबर. पण आपल्याकडे पहिले पाऊस कसे येतात? तासभर कोसळतो, मग दोन दिवस उघडीप आणि चटका देणारं ऊन. त्या उघडिपीत स्लॅब कोरडा पडतो. आणि पाऊस पडतो तो माथ्यावर. बीमच्या आतल्या बाजू, स्लॅबचं पोट, आतले कॉलम यांच्यापर्यंत पावसाचा थेंब जात नाही. त्यांना गोणपाटच. बांध फोडू नका, २५ ते ५० मिमी पाणी उभं राहू दे. ५० मिमी पाण्याचं वजन चौरस मीटरला ५० किलोच, त्याची काळजी नको. पावसाने त्याहून जास्त भरलं तर बांधाला एक खाच ठेवा, म्हणजे जादा पाणी निघून जाईल. जिन्याच्या बाजूला किंवा पाइपाच्या भोकातून पाणी झिरपून बांध रिकामा होतो, ते रोज सकाळी बघा.

किती दिवस? ओपीसीला कमीत कमी ७, पीपीसीला कमीत कमी १०, आणि पीपीसीला १४ पर्यंत वाढवा अशी शिफारस आयएस ४५६ मध्येच आहे. तुम्ही १४ करा.

"आपली हवा दमट, इथे एवढं पाणी लागत नाही" असंही लोक म्हणतात. हवा दमट आहे हे खरं, पण दुपारचं ऊन आणि समुद्रावरचा वारा मिळून स्लॅबचा माथा भराभर सुकवतात. स्लॅब घातला त्याच दिवशी, वरचं पाणी चमकायचं थांबलं की लगेच प्लास्टिक पसरायला हवं. दर चौरस मीटरमागे तासाला एक किलोपेक्षा जास्त पाणी उडायला लागलं की काँक्रीट आवळायच्या आतच भेगा पडतात. तुमच्या स्लॅबवर पहिल्या दिवशीच्या अशा भेगा असतील तर फोटो काढून ठेवा, आणि १४ दिवस झाल्यावर सिमेंटच्या पातळ रबडीने भरायच्या की इपॉक्सीने, ते इंजिनिअर रुंदी मोजून ठरवतील.

अजून एक समज: पावसाळ्यात काँक्रीट उशिरा आवळतं. थंडीने म्हणाल तर गोव्यात फरक फार कमी. तापमान आणि वेळ यांचा गुणाकार करून परिपक्वता मोजतात, तापमानात १० मिळवून तासांनी गुणायचं. मे महिन्यात सरासरी ३० अंश धरले तर सात दिवसांत ६,७२० होतात, जुलैत २७ धरले तर ६,२१६. सात-आठ टक्क्यांचाच फरक. दिल्लीच्या जानेवारीत १४ अंश धरले तर ४,०३२ होतील, तिथे मात्र दिवस वाढवावेच लागतात. आपल्याकडे पावसाळी काँक्रीट कमजोर येतं ते भिजलेल्या रेतीमुळे. उघड्यावरची रेती पाणी धरते आणि मिक्सरवाला पाणी कमी करत नाही. वरच्या स्लॅबला रेतीवर ताडपत्री टाका, आणि बॅगेमागचं पाणी खुणेच्या बादलीने मोजून घाला. पाइप थेट ड्रममध्ये धरू देऊ नका.

किनारपट्टी_काँक्रीट

मांद्रे म्हटल्यावर खाऱ्या वाऱ्याबद्दल लिहिलेच पाहिजे, कारण क्युरिंगचा प्रश्न तिथे ताकदीपेक्षा गंजाचा जास्त आहे.

क्युरिंग अपुरे राहिले तर संपूर्ण स्लॅब कमजोर होत नाही. आतल्या भागात पाणी टिकते. कोरडा पडतो तो बाहेरचा ३०-४० मिमीचा थर, आणि सळईचे रक्षण करणारे कव्हर नेमके तेवढ्याच जाडीचे असते. म्हणजे क्यूब पास होतो, स्लॅब भारही पेलतो, आणि तरीही काही वर्षांनी बाल्कनीच्या खालून पापुद्रे सुटून सळई दिसू लागते.

याचे गणित पाणी-सिमेंट प्रमाणात आहे. काँक्रीटमधली केशवाहिन्यांसारखी बारीक छिद्रे सुरुवातीला एकमेकांना जोडलेली असतात, जेल वाढत गेले की ती तुटक होतात आणि पाणी, क्लोराइड आत शिरणे अवघड होते. ओपीसी सतत ओले ठेवले तर ०.४५ प्रमाणाला यासाठी साधारण ७ दिवस लागतात, ०.५० ला १४ दिवस, ०.६० ला सहा महिने, ०.७० ला एक वर्ष. त्याच्या पुढे ती कधीच पुरती तुटत नाहीत. म्हणून मिक्सरमध्ये जादा ओतलेल्या पाण्याची भरपाई नंतरच्या क्युरिंगने होत नाही. सहा महिने स्लॅब पाण्याखाली कोण ठेवणार?

किनाऱ्यावरच्या उघड्या भागाला आयएस ४५६ तीव्र वर्गात धरते: निदान एम-३०, प्रमाण जास्तीत जास्त ०.४५, सिमेंट घनमीटरला निदान ३२० किलो, कव्हर ४५ मिमी. खाऱ्या वाऱ्यापासून आडोशाला असलेल्या भागाला एम-२५, ०.५० आणि ३० मिमी चालते. तुमची बाल्कनी आणि समुद्राकडचे बीम पहिल्या वर्गात येतात. ते आता बदलता येणार नाही, पण त्या भागांचे क्युरिंग २१ दिवस करा, बाहेरून पाणीरोधक गिलावा आणि रंग चुकवू नका, आणि बाल्कनीच्या कडेला खालून ड्रिप मोल्ड द्या, म्हणजे पावसाचे पाणी पोटाकडे वळणार नाही. वरच्या मजल्याला एम-३० मिक्स डिझाइन करून घ्या. स्लॅग सिमेंट (लोखंडाच्या भट्टीतली मळी मिसळलेले) मिळाले तर क्लोराइडला अडवायला ते फार चांगले, मात्र त्याचीही ताकद सावकाश येते, टेकूंचे दिवस पीपीसीसारखेच वाढवावे लागतात.

पाणी कुठले वापरताय? किनाऱ्यालगतच्या काही विहिरी एप्रिल-मेत मचूळ होतात. सळया असलेल्या काँक्रीटला पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिग्रॅच्या वर चालत नाही, पीएच ६ च्या खाली नको. हीच अट क्युरिंगच्या पाण्यालाही लावा. जिभेला मचूळ लागले म्हणजे क्लोराइड आहे एवढे कळते, ते ३०० आहे की ९०० हे कळत नाही. बाटलीभर पाणी लॅबमध्ये द्या. गोणपाटावर खारे पाणी रोज मारले तर पाणी उडते, मीठ मागे राहते आणि दिवसागणिक साठत जाते. १९८६ च्या जुलैत मांडवीवरचा जुना पूल कोसळला, त्यामागेही आतल्या ताणलेल्या तारांचा गंजच होता. आपल्या नद्यांची आणि किनाऱ्याची हवा लोखंडाला कशी आहे हे गोव्याला वेगळे सांगायला नको.

मांद्रेघर

विहिरीचंच पाणी आहे, उद्याच तपासायला देतो. तोवर टँकर. कंत्राटदाराशी बोललो, बीमचे आणि बाल्कनीचे टेकू ठेवायला तयार झाला. खोल्यांच्या प्लेटी तरी चौदाव्या दिवशी द्या म्हणतो. काढताना क्रम कुठला? आणि बाल्कनीचं शेवटी काय करायचं?

स्ट्रक्चर_फोंडा

चौदाव्या दिवशी खोल्यांच्या द्या, पण एका वेळी एकच खोली. खोलीच्या मध्यावरचे टेकू आधी ढिले करायचे, मग दोन्ही बाजूंनी भिंती-बीमकडे सरकत जायचं. उलट, कडेचे आधी काढून मधले ठेवले तर स्लॅब मधल्या टेकूवर लोंबकळतो आणि तिथे वरच्या अंगाला ताण येतो. तिथे वर सळ्या नसतात, म्हणून भेग वरून पडते. टेकू हातोड्याने उडवू देऊ नका. जॅक असेल तर स्क्रू अर्धा फेरा सोडून दहा मिनिटं थांबा, पाचर असेल तर हळूहळू ठोकून ढिली करा. प्लेट स्लॅबपासून सुटली आणि स्लॅबचं पोट एका पातळीत दिसलं की पुढचा टेकू.

प्लेटी निघाल्यावर मोठ्या खोलीच्या मध्यावर ओळीने तीन टेकू परत लावा, फळीसकट, नुसते टेकतील इतकेच. आवळून स्लॅब वर ढकलायचा नाही. वरच्या स्लॅबचं सेंटरिंग या स्लॅबवर उभं राहणार, तेव्हा ओल्या काँक्रीटचा भार चौरस मीटरला ३०० किलोच्या वर खाली उतरेल, आणि तो या स्लॅबच्या वापराच्या भाराहून जास्त आहे. म्हणून वरचा स्लॅब घालून चौदा दिवस होईपर्यंत हे टेकू आणि बीमखालचे टेकू दोन्ही ठेवा.

बाल्कनीचे टेकू २८ दिवसांचा निकाल येईपर्यंत नाहीत. त्यातही मागच्या बाजूला भिंतीचं वजन धरून डिझाइन केलं असेल, तर ती भिंत उभी राहिल्यावरच, हे इंजिनिअरना लेखी विचारा. काढताना क्रम खोलीच्या उलट: मोकळ्या टोकाचा टेकू आधी, मग घराकडे सरकत यायचं. बाल्कनीची मुख्य सळई वरच्या अंगाला असते. काँक्रीट घालताना माणसांच्या पायाखाली ती दबून खाली गेली असेल तर क्यूब कितीही चांगला आला तरी उपयोग नाही. टेकू काढण्याआधी कव्हर मीटर आणून वरची सळई किती खोल आहे ते दोन-तीन ठिकाणी मोजून घ्या. ड्रॉइंगमध्ये दिलेल्या कव्हरपेक्षा १५-२० मिमी जास्त खोल निघाली तर टेकू तसेच ठेवून आधी इंजिनिअरला साइटवर बोलवा.